चोर, कडी आणि कलम ३८ : स्वतःला वाचवताना समोरचा मेला तर?

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अधूनमधून येणारे 'म्हणजे', 'अ‍ॅक्च्युअली' कमी केलेत. बाकी जवळपास जसंच्या तसं.)

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात करतो आमच्याच गावातल्या एका रात्रीपासून. कारण ती रात्र झाली नसती तर हा भागही झाला नसता.

रेग्युलर ऐकणाऱ्यांना माहीत आहे की मी नेऱ्याचा. पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे निघालात की गाढी नदीच्या बाजूने मालडुंगे-धोदाणीकडे जो रस्ता जातो, त्यावरचं गाव. पूर्वी संध्याकाळी सातनंतर शुकशुकाट असायचा. आता चहूकडे टॉवर, प्लॉटिंगचे बोर्ड, अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगा आणि रोज नवीन चेहरे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज सुरू झाले. अमुक गावात चोर आले, तमुक ठिकाणी दार फोडलं, सावध राहा. खरं किती, फॉरवर्ड किती, कोणी तपासलं नाही. पण आमच्या आळीतल्या पोरांनी रात्रीचा पहारा सुरू केला. मीही होतो. दिवसभर महापेला लॅपटॉपसमोर आणि रात्री हातात बॅटरी आणि क्रिकेटचा स्टंप.

एका रात्री दीडच्या सुमारास एका अर्धवट बिल्डिंगमध्ये एक माणूस सापडला. अंधारात उभा होता, आम्हाला बघून पळाला. आम्ही सात-आठ जणांनी धरला आणि सिमेंट ठेवायच्या पत्र्याच्या खोलीत ढकलून बाहेरून कडी लावली. मग कोणीतरी म्हणालं, "पोलीस यायच्या आधी दोन-दोन ठेवून देऊ." खोटं कशाला बोलू, मी नाही म्हणालो नाही. स्टंप माझ्या हातातच होता.

तेवढ्यात शेजारचे एक काका आले, बनियनवरच. दारासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "कडी लावली ना? मग आता आपलं काम संपलं. ११२ ला फोन कर."

बस, एवढंच. पोलीस आले, घेऊन गेले. तो निघाला सेंटरिंगवाल्या टोळीतला पोरगा, दोन दिवसांपूर्वीच कामावर आलेला. दारू प्यायला होता आणि स्वतःची खोली विसरला होता.

दुसऱ्या दिवशी मित्र मला म्हणाला, "समज, मेला असता. तरी आपण सेल्फ डिफेन्समध्येच ना? चोर समजूनच मारलं असतं." मी हो म्हणणार होतो. मग म्हटलं, जरा बघू तरी कायदा काय म्हणतो ते. आणि बघता बघता मी सतराव्या शतकात, एकोणिसाव्या शतकात आणि शेवटी वाशी स्टेशनच्या बाजूला पोहोचलो. चला तर.

मेकॉलेला काय वाटत होतं

आपला जुना दंडसंहितेचा कायदा, म्हणजे आयपीसी, त्याचा पहिला मसुदा १८३७ मध्ये तयार झाला. तो करणाऱ्या आयोगाचा अध्यक्ष थॉमस मेकॉले. शाळेत आपण याला इंग्रजी शिक्षणवाला मेकॉले म्हणून ओळखतो, पण खुनाची व्याख्याही आपल्याकडे त्याच्याच टेबलावरून आली. कायदा पास झाला १८६० मध्ये, लागू झाला १ जानेवारी १८६२ पासून. मेकॉले त्याआधीच, १८५९ च्या डिसेंबरात गेला होता. स्वतःचा कोड त्याने कधी 'लाइव्ह' बघितलाच नाही.

आता गंमत ऐका. तेव्हाच्या इंग्लिश कायद्यात साधारण अपेक्षा अशी होती की भांडणात जीव वाचवायचा तर आधी मागे सरा, पाठ भिंतीला लागेपर्यंत सरा, आणि मग दुसरा इलाज नसेल तर वार करा. मेकॉलेने भारतासाठी मात्र हा हक्क जास्त मोकळा ठेवला. मसुद्यासोबतच्या टिपणात त्याने कारणही दिलंय. त्याच्या मते इथले लोक अन्याय फार मुकाट्याने सोसतात, लुटारू आले तरी प्रतिकार करत नाहीत. म्हणून इथे स्वसंरक्षणाच्या हक्कावर बंधनं वाढवण्यापेक्षा लोकांमध्ये थोडी मर्दुमकी जागवणं बरं.

यात साहेबी अहंकार भरपूर आहे. आणि विरोधाभास असा की पुढे १८७८ मध्ये याच सरकारने शस्त्रांचा कायदा आणून सामान्य माणसाच्या घरातली हत्यारं परवान्याखाली आणली. म्हणजे हक्क दिला आणि हत्यार काढून घेतलं. पण त्या अहंकारातून निघालेली कलमं आजही जवळपास तशीच आहेत. आयपीसीत ती ९६ ते १०६ होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ती ३४ ते ४४ झाली. नंबर बदलले, लॉजिक तेच.

लॉजिक असं. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्याही शरीरावर हल्ला होतोय, तर प्रतिकार हा गुन्हा नाही. बरोबर ऐकलंत, दुसऱ्या कोणाच्याही. रस्त्यात अनोळखी मुलीवर हल्ला होत असेल तरी मधे पडण्याचा हक्क तुम्हाला आहे. आणि हा प्रतिकार समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत कधी जाऊ शकतो, हे कलम ३८ मध्ये मोजून दिलंय. मरणाची वाजवी भीती असेल, जबर दुखापतीची भीती असेल, बलात्कार, अनैसर्गिक अत्याचार, अपहरण, किंवा पोलिसांपर्यंत पोहोचताच येणार नाही असं कोंडून ठेवणं. २०१३ मध्ये यात अ‍ॅसिड हल्लाही आला. मालमत्तेसाठी वेगळं कलम आहे, ४१. त्यात जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळातली घरफोडी आणि राहत्या घराला आग लावणं वगैरे.

हे वाचून माझा मित्र खूश. "बघ, रात्रीची घरफोडी आहे ना लिस्टमध्ये!"

आहे. पण त्याच्या आधी कलम ३७ आहे, आणि सगळा खेळ तिथे आहे. ते दोन अटी घालतं. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही. आणि बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. शिवाय हा हक्क चालू कधी होतो आणि बंद कधी होतो तेही लिहिलंय. शरीराला धोका आहे अशी वाजवी भीती वाटली की चालू, ती भीती टिकते तोवर चालू, धोका गेला की बंद. आपल्या भाषेत सांगायचं तर हा व्हाइल लूप आहे. कंडिशन फॉल्स झाली की बाहेर पडायचं. नंतर पडलेला प्रत्येक फटका वेगळ्या खात्यात जमा होतो.

प्रतापगड आणि १८९७ चं कोर्ट

आता मराठी माणसाला स्वसंरक्षण म्हटलं की कोणता प्रसंग आठवणार? १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा, अफझलखानाची भेट.

इतिहासकारांचा वाद इथे मुळात कायद्याच्याच प्रश्नावर आहे. पहिला वार कोणाचा? ग्रँट डफ नावाचा इंग्रज अधिकारी साताऱ्याला होता. त्याने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास लिहिला आणि त्यात हा सगळा महाराजांचा दगा ठरवला. उलट सभासदाची बखर, जी १६९७ च्या सुमाराची, म्हणजे घटनेच्या खूप जवळची, ती सांगते की खानाने मिठीत मान दाबून धरली, वार केला, तो अंगातल्या चिलखतावर गेला आणि मग वाघनखं चालली. पुढे जदुनाथ सरकारांनी १९१९ च्या पुस्तकात पुरावे तपासून हे स्वतःच्या बचावासाठीच झालं असं मत दिलं. २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली जी वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, ती त्यांच्या पेटीवरच्या मजकुरानुसार याच ग्रँट डफला भेट मिळालेली. ती तीच आहेत याची खात्री देता येत नाही असं म्युझियम स्वतःच सांगतं.

राजे, सेनापती आणि युद्ध यांना दंडसंहिता लागत नाही, हे उघड आहे. पण १८९७ मध्ये हा प्रसंग खरोखर मुंबई हायकोर्टात पोहोचला. पुण्यात जूनमध्ये शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. तिथे अफझलखानाच्या वधावर भाषणं झाली, अध्यक्ष होते लोकमान्य टिळक. त्यांच्या भाषणाचा वृत्तांत १५ जूनच्या केसरीत आला. आठवड्यात, २२ जूनला, चाफेकर बंधूंनी प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. जुलैअखेर टिळकांना अटक. कलम राजद्रोहाचं, १२४ अ. सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यासमोर खटला चालला. ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन भारतीय. निकाल सहा विरुद्ध तीन, शिक्षा दीड वर्षं सक्तमजुरी.

आता वृत्तांतातला मुद्दा बघा. टिळक म्हणाले की पहिला वार कोणाचा या वादात अडकायचं कारणच नाही. महाराजांनी आधी ठरवून मारलं असं धरून चाललं तरी ते स्वतःच्या पोटासाठी नव्हतं, लोकांच्या भल्यासाठी होतं. हे पिनल कोडच्या चौकटीत मोजू नका, गीतेकडे बघा. आणि त्यांनी उदाहरण दिलं चोरांचं! घरात चोर शिरले आणि हाकलायची ताकद मनगटात नसेल, तर बिनदिक्कत त्यांना आत कोंडून जाळून टाकावं, अशा अर्थाचं.

हे वाचलं तेव्हा मी थांबलो. आमची पत्र्याची खोली डोळ्यांसमोर आली.

टिळक राज्यकर्त्यांबद्दल बोलत होते, असं सरकारी पक्षाचं म्हणणं, आणि त्या काळात कोणालाही तेच ऐकू आलं असणार. परक्या सत्तेविरुद्ध लढणाऱ्याचा युक्तिवाद म्हणून ते मला समजतं. त्यांनी स्वतःच सांगितलंय की मी पिनल कोडच्या बाहेरचं बोलतोय. पण ते उदाहरण जसंच्या तसं आपल्या आळीत लावलं तर? 'हाकलायची ताकद नाही' इथपर्यंत हक्क जिवंत आहे. 'आत कोंडून' इथे धोका संपला. पुढचं 'जाळून टाकावं' हे बचावात बसत नाही. शेजारच्या काकांनी टिळकांचा खटला वाचला नसणार, पण त्यांनी बोट नेमकं तिथेच ठेवलं.

कडी आतून की बाहेरून

मग याचा अर्थ कायदा चोराच्या बाजूने आहे का? नाही. दुसरी गोष्ट ऐका.

मार्च १९५०. कटनी, तेव्हाचा मध्य प्रदेश. हा भाग तेव्हा नागपूर हायकोर्टाखाली यायचा. फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित आणि स्थानिक मुस्लिम यांच्यात दंगल पेटली. अमजद खान नावाच्या दुकानदाराचं घर आणि दुकान एकाच इमारतीत, शेजारी भावाचं दुकान. जमावाने भावाचं दुकान लुटलं आणि मग अमजदच्या दारावर लाठ्या पडायला लागल्या. आत त्याचं कुटुंब. त्याने बंदुकीच्या दोन गोळ्या झाडल्या. एक जण मेला, तिघं जखमी झाले.

खालच्या कोर्टाने दोषी धरलं, हायकोर्टानेही. दार अजून फुटलं नव्हतं ना, मग गोळी का झाडली, असा एकूण सूर. १९५२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला सोडलं. निकाल लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी, जे स्वतः आधी नागपूरला मुख्य न्यायाधीश होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. दार फुटून लोक आत येईपर्यंत, बायकापोरांवर हात पडेपर्यंत त्याने थांबायला हवं होतं, असं कायदा म्हणत नाही. दाराबाहेर जमाव असताना माणसाने किती गोळ्या पुरतील याचा हिशोब करत बसावं, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. सोन्याच्या तराजूत मोजायची ही गोष्ट नव्हे.

मला हा निकाल फार आवडला. कारण एसीत बसून, नंतर, सीसीटीव्ही मागे-पुढे करत 'तिसरा फटका गरजेचा होता का' विचारणं सोपं असतं. कोर्ट म्हणतं की त्या क्षणी त्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. शिवाय आरोपीला आपला बचाव शंभर टक्के सिद्ध करावा लागत नाही. तो शक्यतेच्या पातळीवर पटला तरी पुरतं. आणि चांगल्या हेतूने बचाव करताना हात थोडा जास्त चालला, तरी तो खून न धरता त्याहून कमी गुन्हा, म्हणजे सदोष मनुष्यवध, धरला जातो.

अमजदच्या घराला कडी आतून होती. आमच्या पत्र्याच्या खोलीला बाहेरून. मला वाटतं, हा सगळा कायदा एका वाक्यात सांगायचा तर एवढाच फरक आहे.

अजून एक फरक लक्षात ठेवा, भीती आणि राग यांचा. 'रुस्तम' सिनेमा बघितला असेल ना? मूळ घटना २७ एप्रिल १९५९ ची, मुंबईतली, कमांडर नानावटी यांची. त्यांचं म्हणणं होतं की झटापट झाली आणि रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली. पण मरणाऱ्याच्या कमरेचा टॉवेल झटापटीत सुटलाही नव्हता, हा प्रश्न कोर्टात गाजला. पत्नीने कबुली दिल्यापासून गोळी सुटेपर्यंत साधारण तीन तास गेले होते. मधल्या वेळात त्यांनी कुटुंबाला मेट्रो सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने जन्मठेप कायम केली. तीन तासांत डोकं शांत व्हायला वेळ मिळाला, असं धरलं. म्हणजे इथेही घड्याळच बघितलं गेलं.

वाशी ते वर्सोवा

आता जरा घराजवळ येऊ. हार्बर लाइनने पनवेलहून वाशीला आपण रोज जातो. ११ नोव्हेंबर २००६ ला वाशीतून रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया आणि त्याच्या एका मित्राला उचललं गेलं. लखनभैयाचा भाऊ वकील होता. त्याने त्याच दुपारी पोलीस अधिकाऱ्यांना तार, फॅक्स पाठवले की माझ्या भावाला उचललंय, त्याच्या जिवाला धोका आहे. संध्याकाळी बातमी आली की वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ चकमक झाली. पोलिसांचं म्हणणं, त्याने गोळी झाडली, आम्ही स्वसंरक्षणासाठी उलट गोळीबार केला.

तोच शब्द बघा. स्वसंरक्षण. मेकॉलेने सामान्य माणसाला धीर यावा म्हणून लिहिलेला हक्क, इथे सरकारी पिस्तुलाच्या मागे उभा राहिला.

भावाने सोडलं नाही. हायकोर्टात गेला, न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली, मग एसआयटी. ज्या मित्राला सोबत उचललं होतं तो मुख्य साक्षीदार. २०११ मध्ये साक्षीच्या काही दिवस आधी तो बेपत्ता झाला आणि मग त्याचा मृतदेह सापडला. तरी खटला उभा राहिला. जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना दोषी ठरवलं, त्यात १३ पोलीस. १९ मार्च २०२४ ला मुंबई हायकोर्टाने बहुतेक पोलिसांची जन्मठेप कायम ठेवली आणि खाली सुटलेले माजी अधिकारी प्रदीप शर्मा यांनाही दोषी ठरवून जन्मठेप दिली. त्यांनी सुप्रीम कोर्टात अपील केलंय.

लखनभैयावर गुन्हे होते. बरेच जण म्हणतील, गेला तर गेला. पण कोर्टाचा प्रश्न वेगळा होता. दुपारी जो तुमच्या ताब्यात होता, त्याच्यापासून संध्याकाळी तुमच्या जिवाला धोका कसा? तारेवरची वेळ बोलली. आपल्याकडे म्हणतात ना, लॉग खोटं बोलत नाही, तसं.

मुंबईत १९९५ ते १९९७ मध्ये ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसं मेली. त्यावरून झालेल्या याचिकेत २३ सप्टेंबर २०१४ ला सुप्रीम कोर्टाने नियम घालून दिले. चकमकीतल्या प्रत्येक मृत्यूचा एफआयआर, स्वतंत्र तपास, दंडाधिकारी चौकशी. बरोबर दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२४ ला, बदलापूर प्रकरणातला आरोपी आमच्याच तालुक्यातल्या तळोजा जेलमधून नेताना पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. त्याने पिस्तूल हिसकावलं, असं पोलीस म्हणाले. जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टासमोर आलेल्या दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने त्या स्वसंरक्षणाच्या दाव्यावर संशय व्यक्त केला. लोकांनी पेढे वाटले होते, हेही आपण बघितलंय.

मदत आलीच नाही तर?

इथे एक अवघड प्रश्न आहे आणि तो टाळणार नाही. कायदा म्हणतो, पोलिसांकडे जायला वेळ असेल तर जा. आणि गेलो, पण कोणी ऐकलंच नाही तर?

नागपूरची कस्तुरबा नगर वस्ती. अक्कू यादव नावाच्या गुंडाने तिथे वर्षानुवर्षं बायकांवर अत्याचार केले. तक्रारी करून काही होत नाही, हा लोकांचा अनुभव. १३ ऑगस्ट २००४ ला त्याला कोर्टात आणलं असताना जमावाने तिथेच, कोर्टाच्या इमारतीत, त्याला मारून टाकलं. जमावात वस्तीतल्या कितीतरी बायका होत्या. २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. स्वसंरक्षण म्हणून नाही, पुराव्याअभावी. कारण चौकटीत ते बसतच नव्हतं. तो पोलिसांच्या ताब्यात होता.

त्या बायकांना दोष द्यायची माझी लायकी नाही. पण मला एवढं कळतं की 'पोलिसांकडे जा' ही कायद्याची अट आहे तशी ती सरकारची उधारीही आहे. ती फेडली नाही की लोक लिहिलेल्या कायद्याच्या बाहेर जातात. आणि एकदा बाहेर गेले की पुढच्या वेळी जमावासमोर अक्कू यादवच असेल, याची गॅरंटी कोण देणार?

गॅरंटी नसते, हे राईनपाड्याने दाखवलं. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज फोनवर फिरत होते. मंगळवेढ्याकडचे, भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण बाजाराच्या दिवशी भिक्षेसाठी तिथे आले होते. लोकांनी त्यांना धरलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण मेले. मारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना वाटत असणार की आपण आपल्या पोरांना वाचवतोय. २०२४ मध्ये धुळ्याच्या कोर्टाने सात जणांना जन्मठेप दिली.

खोली, बाहेर जमाव, फोनवरचा मेसेज. आमच्यात आणि त्यांच्यात फरक काय होता? दारासमोर उभे राहिलेले एक काका.

परत नेऱ्यात

मित्राला मी जे उत्तर दिलं ते तुम्हालाही सांगतो.

तो पोरगा समजा कोयता घेऊन कोणाच्या अंगावर आला असता, आणि आपण स्टंप घातला असता, आणि तो मेला असता, तर कायदा बऱ्यापैकी आपल्या बाजूने होता. पळून जा असंही तो म्हणाला नसता. एफआयआर झाला असता, अटकही झाली असती, कारण हा बचाव ठाण्यात सहसा संपत नाही, कोर्टात मांडावा लागतो. पण बाजू होती.

तो पळत होता, तिथे ती बाजू निम्मी झाली. रात्री अर्धवट बिल्डिंगमध्ये नुसतं उभं असणं म्हणजे घरफोडी नाही. आणि कडी लागली तिथे बाजू संपली. त्यानंतर मेला असता तर तो सरळ खून. पाच किंवा जास्त जण एका उद्देशाने जमले की कोणाचा फटका जीवघेणा होता हे सिद्ध व्हायचीही गरज नसते, सगळेच अडकतात. मी फक्त बॅटरी धरली होती, हे चालत नाही.

मग धरायचंच नाही का? धरता येतं. समोर गंभीर, दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा होताना दिसला तर सामान्य माणूसही अटक करू शकतो. नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. धरा, फोन करा, पाणी द्या, थांबा. कंटाळवाणं आहे, पण एवढंच आहे.

मित्र थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आणि काका आले नसते तर?"

याचं उत्तर माझ्याकडे कायद्याच्या कुठल्याच कलमात नव्हतं. माझ्या हातात स्टंप होता आणि मी नाही म्हणालो नव्हतो. त्या पोराचं नावही मला माहीत नाही. दोन-तीन महिने तो त्याच साइटवर दिसायचा. एकदा नाक्यावर वडापावच्या गाडीशी समोर आला, ओळखलं नाही त्याने. मी ओळखलं.

आमचा पहारा अजून आहे. फक्त एक नियम वाढवलाय. दर रात्री एक जण हातात काहीच न घेता फिरतो, नुसता फोन घेऊन. कोणी सापडला तर त्याने दारासमोर उभं राहायचं. या शुक्रवारी माझी पाळी आहे.

तुमच्या गावात पहारा असेल तर हा भाग त्या ग्रुपवर टाका. चोर आल्याचे मेसेज फिरतात तेवढ्या वेगाने हाही फिरू दे. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!